‘तू’ म्हटले म्हणजे उद्धट नव्हे: लहान मुलांना आदर शिकवताना या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका वाड्यावरच्या शाळेत मी नव्याने रुजू झाले, त्या जूनमधली गोष्ट. पहिलीतली एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "बाई, तूं खंय रावता?" मी उत्तर दिले नाही. "बाईंना ‘तू’ म्हणतात का? ‘तुम्ही’ म्हण," असे तिला सगळ्यांसमोर ऐकवले. ती जागेवर जाऊन बसली आणि पुढे गणेश चवथीची सुट्टी येईपर्यंत आपणहून माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तिच्या घरी आईला, आजीला, शेजारच्या म्हाताऱ्या मावशीलाही ‘तूं’च म्हणत. त्या ‘तूं’मध्ये उपमर्द नव्हता, जवळीक होती. मी कुठे राहते, हे त्या पोरीला जाणून घ्यायचे होते. मी गोव्यातच वाढले, घरी हीच भाषा बोलले, तरी शिक्षिकेच्या खुर्चीत बसल्यावर हे मला आठवू नये, याची खंत आजही वाटते.

गोव्यातल्या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळांत ही चूक अगदी सहज होते. तिथल्या बहुतेक मुलांच्या घरची भाषा कोंकणी, काहींची कानडी, काहींची लमाणी. मराठीतला ‘तुम्ही’ त्यांच्यासाठी नवा शब्द असतो. तो वळण म्हणून नाही, भाषेचा पाठ म्हणून शिकवा. आधी मुलाच्या प्रश्नाचे उत्तर द्या, मग तेच वाक्य आपल्या तोंडून मराठीत येऊ द्या: "मी वाळपईला राहते. आणि तुझी आजी भेटली की ‘तुम्ही कुठे राहता?’ असं मी तिला विचारीन." पुढे कदंब बसचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा, खेळ घ्या. एक मूल कंडक्टर, एक प्रवासी, एक म्हातारी आजी. "काका, तुम्ही साखळीला थांबणार का?" हे वाक्य खेळात दहा वेळा म्हटले की आपोआप बसते. वर्गासमोर दिलेल्या एका समजेने ते बसत नाही, उलट मूल बोलायचेच थांबते.

बळजबरीची ‘सॉरी’

दोघांची मारामारी झाली की आपण दोघांना समोरासमोर उभे करतो. "सॉरी म्हण. आता हात मिळव." मुले खाली बघून पुटपुटतात आणि मधल्या सुट्टीत पुन्हा तेच सुरू होते. आपल्याला वाटते, सांगूनही सुधारत नाहीत. खरे तर त्यांना एवढेच कळलेले असते की हा शब्द म्हटला की सुटका होते.

त्याऐवजी दोघांना वेगवेगळे बसवून दोनच प्रश्न विचारा. काय झाले? आणि आता काय केले म्हणजे नीट होईल? वही पावसात फेकली असेल तर ती वाळवायची, नवे कव्हर घालून द्यायचे. चिडवून रडवले असेल तर त्याला दुपारच्या खेळात आपल्या गटात घ्यायचे. चार ओळी बोलायला सहा-सात वर्षांच्या मुलाला वेळ लागतो, तो द्यावा. माफीचा शब्द काहींच्या तोंडून दुसऱ्या दिवशी येतो. काहींच्या तोंडून येतच नाही, पण पेन्सिल पुढे केली जाते. ती माफीच समजा.

मॉनिटर

पहिली ते चौथी एकाच खोलीत आणि शिक्षक एकच, अशा शाळांत चौथीतला एखादा मुलगा मॉनिटर होतोच. बाई दुसऱ्या इयत्तेकडे वळल्या की तो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहितो. मी हे कित्येक वर्षे चालू दिले. त्यातून मुले शिकतात ती चुगली आणि दरारा. लहान मुलांवर ओरडणारा तो मुलगा माझेच शब्द, माझ्याच आवाजात वापरतो, हे ज्या दिवशी ऐकले त्या दिवशी मी ती पद्धत बंद केली. आता मोठ्यांकडे कामे असतात: पहिलीतल्या मुलाच्या चपला जागेवर लावून देणे, बाटलीचे झाकण उघडून देणे, कोण आज आले नाही ते मला सांगणे. काम दर आठवड्याला बदलते.

झाडलोटीचेही तसेच. मुली झाडतात आणि मुले बाके उचलतात, ही वाटणी मोडा. त्याच त्या वाड्यावरची मुले नेहमी झाडू धरताहेत का, हेही पाहा. आपण मुद्दाम करत नसू, पण सवयीने तसे होत असते. हजेरीपटाच्या क्रमाने पाळी लावली की प्रश्न मिटतो.

डब्यातला वास

एका मुलीच्या डब्यात सुक्या सुंगटांची किसमूर, म्हणजे सुक्या कोलंबीची खोबरे घातलेली कोशिंबीर होती. शेजारची म्हणाली, "शी, वास येता." मी किसमूरवालीला म्हटले, "तू जरा खिडकीपाशी बस." वाटले, भांडण मिटवले. प्रत्यक्षात जिने नाव ठेवले ती जागेवरच राहिली आणि जिला नाव ठेवले ती उठली.

आपल्याकडे एकाच बाकावर सोमवारी शिवराक (शाकाहार) पाळणारे मूल, रोज मासळी खाणारे मूल आणि भाकरी-शेंगाचटणी आणणारे मूल बसते. यात कोणालाही उठवू नका. नियम एकच ठेवा: आपल्या डब्याबद्दल कितीही बोला, दुसऱ्याच्या डब्याबद्दल नाव ठेवणारे बोलायचे नाही. माध्यान्ह आहाराची भाजी आणि पाव घेऊन येणाऱ्या स्वयंसहाय्य गटातल्या बायकांसाठीही हेच. भाजी आवडली नाही तर "मला थोडीच वाढा" म्हणता येते. "ही कसली भाजी" असे त्यांच्या तोंडावर म्हणता येत नाही. त्यांचे नाव काय, त्या कुठून येतात, भाजी किती वाजता शिजायला टाकतात, हे एकदा त्यांनाच वर्गात बसवून मुलांना विचारू द्या. माझ्या वर्गात त्या दिवसानंतर ‘भाजयेवाली’ हा शब्द ऐकू आला नाही.

एका मुलाला सगळ्या समाजाचा प्रतिनिधी करणे

सरस्वती पूजनाच्या दिवशी ख्रिस्ती किंवा मुसलमान मुलाला नुसते बाजूला बसवून ठेवणे चूक. आणि डिसेंबरात त्याच ख्रिस्ती मुलाला उभे करून "आता तू नाताळ समजावून सांग" म्हणणेही चूक. आठ वर्षांच्या मुलाला येशूजन्माचा गोठा करायला, नखेत्र (नाताळचा चांदणीचा कंदील) लावायला आवडते. धर्म समजावून सांगायचे ओझे त्याच्यावर का? त्याला सांगावेसे वाटले तर तो सांगेल. बाकीच्यांनी चवथीची माटोळी (गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची चौकट) चित्रात काढली, त्याने नखेत्र काढले, एवढे पुरे आहे.

शिक्षा

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. छडी बहुतेकांनी ठेवून दिली, पण दाराबाहेर उभे करणे, "तुझ्या भावाकडून शीक" म्हणणे, घरच्या कामधंद्यावरून बोलणे चालूच आहे. वर्गात ज्याचा असा पाणउतारा होतो, तो मधल्या सुट्टीत स्वतःहून लहानाला शोधतो.

मोठ्यांचे बोलणे

ही चूक दुरुस्त व्हायला सगळ्यात जड. पालकसभेच्या दिवशी गावातले ओळखीचे गृहस्थ आले की आपण म्हणतो, "या, बसा." बांधकामावरून धावत आलेल्या आईला मात्र, "तू उद्या ये गं, आज वेळ नाही." तिचे मूल दारात उभे असते. ज्या ‘तुम्ही’साठी आपण जूनमध्ये त्याला दटावले, तो आपण त्याच्या आईला देत नाही, हे त्याला बरोबर कळते. आणि शेजारी उभ्या असलेल्या गावातल्या मुलालाही कळते. मग मैदानावर ‘घाटी’ हा घाटापलीकडून आलेल्यांना हिणवणारा शब्द ऐकू आला तर तो त्याने कुठून उचलला, हे आधी स्वतःच्या खोलीत शोधावे.

वरच्याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. ती जागा कागदावर भरू नका. मजुरी बुडणार नाही अशा वेळी बैठक ठेवा, त्या आईला खुर्ची द्या आणि तिचे बोलणे पुरे होऊ द्या.

उरला तो घरून येणारा निरोप: "माझ्या मुलाला त्या भायल्यांच्या (बाहेरून आलेल्यांच्या) पोरांजवळ बसवू नका." यावर पालकाशी वाद घालू नका आणि त्या मुलाला कोंडीत पकडू नका, ते वाक्य त्याचे नाही. दर सोमवारी सगळ्यांच्या जागा बदलतात, शाळेचा तसा नियम आहे, असे शांतपणे सांगा. काही पालक पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारतील. तेव्हाही तेच उत्तर, त्याच आवाजात, "बसा" म्हणून द्या.