साध्या फोनला इंटरनेट ॲडाप्टर जोडताना या चुका टाळा

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर तांब्याच्या तारेवरची लँडलाइन गेल्या काही वर्षांत मागे पडत चालली आहे आणि तिची जागा फायबर घेत आहे; तरीही ओटीवरचा फोन अनेक घरांनी काढलेला नाही आणि तो काढू नये असेच माझे मत आहे. मोबाइलची रेंज घराच्या एका कोपऱ्यात मिळते आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाते, वयस्कर माणसांना मोठी बटणे आणि कानाला नीट बसणारा रिसीव्हर सोयीचा वाटतो, आणि जुन्या फोनची रिंग मागच्या आगरात काम करणाऱ्यालाही ऐकू येते. हा फोन इंटरनेटवर चालवण्यासाठी एक लहानसा ॲडाप्टर पुरतो, ज्याच्या एका बाजूला राउटरकडून आलेली नेटवर्क केबल लागते आणि दुसऱ्या बाजूला फोनची वायर. काही फायबर मोडेममध्ये तो आतच बसवलेला असतो आणि मोडेमच्या मागे फोनसाठी वेगळे सॉकेट दिलेले असते. पुढील बहुतेक मजकूर त्यांनाही लागू पडतो.

पूर्वी फोनला लागणारा सुमारे ४८ व्होल्टचा दाब, रिंग वाजवण्यासाठीचा सुमारे ७५ व्होल्टचा एसी दाब, डायल टोन, दाबलेले आकडे ओळखणे आणि आकाशातल्या विजेपासूनचे काही संरक्षण ही सगळी कामे टेलिफोन एक्स्चेंज करीत असे. ती आता तुमच्या घरातला हा डबा करतो, आणि एक्स्चेंजची जबाबदारी आपल्या घरात आली आहे हे लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेक बिघाड होतात. आवाज आला नाही किंवा रिंग वाजली नाही की आपण लगेच नेटला दोष देतो, पण दोष पुष्कळदा ॲडाप्टर आणि फोन यांच्यामधल्या वायरमध्येच असतो. म्हणून कोणतीही तक्रार असली तरी घरातली सगळी जुनी वायर ॲडाप्टरपासून काढावी, चालू स्थितीतला एक फोन छोट्या वायरने थेट ॲडाप्टरला लावावा आणि मगच पुढचा विचार करावा. तसे केल्यावर फोन चालला तर नेटकडे पाहण्याचे कारणच उरत नाही.

जुनी लाइन तोडण्यापूर्वी ॲडाप्टर जोडणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ओटी, माजघर आणि वरचा मजला अशा तिन्ही ठिकाणी फोन असलेल्या घरात सोपा मार्ग म्हणून ॲडाप्टरची वायर भिंतीवरच्या कोणत्याही रोझेटमध्ये (फोनची वायर जोडण्याच्या डबीत) घालतात, जेणेकरून सगळे फोन एकदम सुरू व्हावेत. मात्र बाहेरच्या खांबावरून येणारी ड्रॉप वायर त्याच जोडणीला लागलेली असेल, आणि बंद वाटणाऱ्या लाइनवर एक्स्चेंजचा दाब अजून येत असेल, तर तो दाब ॲडाप्टरच्या दाबाशी भिडतो आणि ॲडाप्टरचे सॉकेट कायमचे निकामी होऊ शकते. लाइन बंद करण्याचा अर्ज दिला म्हणजे तार निर्जीव झाली असे गृहीत धरू नये. ड्रॉप वायर जिथे घरात शिरते तिथल्या पेटीतून तिचे दोन्ही धागे सोडवून, टोकांना टेप गुंडाळून ती बाजूला ठेवावी, आणि मगच घरातील वायरिंगला ॲडाप्टर जोडावा.

याच प्रकारातली दुसरी गफलत सॉकेटची आहे. काही ॲडाप्टरवर ‘फोन’ आणि ‘लाइन’ अशी दोन सारखी दिसणारी सॉकेटे असतात. ‘लाइन’चे सॉकेट बाहेरच्या लँडलाइनसाठी असून त्यावर फोन लावला तर डायल टोन मिळणार नाही. फोनची लहान पिन नेटवर्कच्या मोठ्या सॉकेटमध्येही सैल शिरते, परंतु त्यामुळे आतल्या पिना वाकतात.

रिंग अशक्त होणे आणि डायल न होणे

एक ॲडाप्टर किती फोनची रिंग वाजवू शकतो याला मर्यादा असते. तांत्रिक पत्रकात ती ‘आरईएन’ या एककात लिहिलेली असते आणि खऱ्या घंटेचा एक जुना फोन साधारण एक एकक खातो. ॲडाप्टरची क्षमता दोन किंवा तीन असताना चार जुने फोन समांतर लावले, तर रिंग क्षीण वाजते, किंवा एकदाच किणकिणून थांबते, किंवा कोणी रिसीव्हर उचलल्याचा ॲडाप्टरचा समज होऊन फोन आपोआप लागतो आणि पलीकडच्याला शांतता ऐकू येते. एकेक फोन काढून पाहिल्यास हे लगेच कळते. एकच घंटेचा फोन असूनही ती नीट वाजत नसेल, तर ॲडाप्टरच्या सेटिंगमध्ये रिंगची वारंवारता २० ऐवजी २५ हर्ट्झ करून पाहावी, कारण आपल्याकडील जुन्या घंटा त्या वारंवारतेला सरावलेल्या असतात.

चकतीचा फोन लावल्यावर येणारे फोन घेता येतात, पण नंबर फिरवला तरी डायल टोन तसाच ऐकू येत राहतो. तो फोन आकड्यांऐवजी तुटक झटके पाठवतो आणि बहुतेक ॲडाप्टर ते ओळखत नाहीत. ‘पल्स डायलिंग’ चालणारा ॲडाप्टर विचारूनच घ्यावा. बटणांच्या फोनमध्येही हीच अडचण आली तर फोन उलटा करून पाहावा, कारण खाली किंवा बाजूला ‘पल्स–टोन’ अशी लहान कळ असते आणि ती टोनकडे सरकवली की काम होते.

पावसाळा, खारा वारा आणि वीज

कोकणात या विषयाचा सर्वांत मोठा भाग हाच आहे आणि बाहेरगावी लिहिलेल्या माहितीपत्रकांत तो जवळजवळ नसतोच. समुद्राजवळच्या घरांत रोझेटमधल्या पितळी आणि तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो, त्यामुळे फोनवर खरखर येते. जून उजाडला की त्याच सांध्यांत ओल शिरते आणि दोन धाग्यांमधून थोडा प्रवाह झिरपू लागतो. ॲडाप्टरला हा झिरपणारा प्रवाह म्हणजे रिसीव्हर उचललेला आहे असे वाटते, त्यामुळे फोन ठेवलेला असूनही बाहेरून करणाऱ्याला सतत एंगेज ऐकू येतो. ॲडाप्टरवरचा फोनचा दिवा रिसीव्हर खाली असतानाही पेटलेला दिसला तर हेच समजावे. वायर काढताच तो विझला की दोष वायरिंगमध्ये आहे हे सिद्ध होते. अशा वेळी ॲडाप्टर बदलण्यात पैसे घालवू नयेत. सांधे घासून स्वच्छ करावेत, पडवीतले आणि उघड्यावरचे निरुपयोगी रोझेट कायमचे काढून टाकावेत, आणि शक्य असल्यास फोनपर्यंत एकच सलग नवी वायर न्यावी.

वादळी पावसाचा धोका याहून मोठा आहे. पावसाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा उघड्यावरून गेलेली तांब्याची प्रत्येक तार धोक्याची असते. घरातून गोठ्यापर्यंत, काजूच्या कारखान्यापर्यंत किंवा आगरातल्या पाहुण्यांच्या खोल्यांपर्यंत झाडावरून फोनची वायर ओढणे ही आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे, आणि एक्स्चेंजच्या काळात ती खपूनही जात असे. पण ॲडाप्टरचे सॉकेट घराच्या आतल्या थोड्या लांबीच्या वायरसाठी बनवलेले असते. दूरच्या खोलीत फोन हवाच असेल तर तिथपर्यंत फायबर किंवा वायफायचा दुवा न्यावा आणि तिथे दुसरा ॲडाप्टर बसवावा. फायबरमधून वीज येत नाही हे खरे, परंतु काही ड्रॉप केबलमध्ये आधारासाठी पोलादी तार असते. ती बाहेरच्या हुकाला अडकवून तिथेच संपवायला सांगावे, मोडेमपर्यंत आत आणू देऊ नये.

सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारे उपकरण, लावला म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही, कारण अर्थिंग चांगले नसेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. जांभ्याच्या कातळावर बांधलेल्या घरांत अर्थिंग मुळातच कच्चे असते आणि शिमग्यानंतर जमीन वाळली की ते आणखी कमकुवत होते. म्हणून वायरमनकडून उन्हाळ्यातच ते तपासून घ्यावे आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची सवय ठेवावी. गडगडाट सुरू झाला की बोर्डाचे बटण बंद करणे पुरेसे नसते. ॲडाप्टरचा प्लग, नेटवर्क केबल आणि फोनची वायर या तिन्ही गोष्टी काढाव्यात. त्या वेळी वायरच्या फोनवर बोलूही नये.

तिसरी बाब वीज जाण्याची. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून वीज मिळत असल्यामुळे घरात अंधार असतानाही फोन चालत असे. ॲडाप्टरचे तसे नाही, आणि वयस्कर माणसे एकटी राहत असलेल्या घरात ही गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आले, त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या अनेक गावांनी कित्येक दिवस विजेविना काढले. अशा वेळी कोणताही घरगुती बॅकअप पुरणार नाही, पण रोजच्या दोन-चार तासांच्या भारनियमनासाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे उपकरणाला थेट ५ किंवा १२ व्होल्ट देणारा बॅटरीचा डबा, उत्तम चालतो. चूक होते ती अशी, की यूपीएसवर फक्त राउटर लावला जातो आणि फायबर मोडेम किंवा ॲडाप्टर साध्या बोर्डावरच राहतो. तिन्ही उपकरणे यूपीएसवर असली तरच फोन चालतो. कोणाला ५ व्होल्ट लागतात, कोणाला १२. पिन बसते म्हणून चुकीच्या व्होल्टेजचे टोक लावू नये. बिनतारी म्हणजे कॉर्डलेस फोन असेल तर त्याच्या तळाच्या भागालाही स्वतंत्र वीज लागते, म्हणून घरात एक तरी साधा वायरचा फोन ठेवावा, आणि तातडीच्या ११२ साठी एक मोबाइल कायम चार्ज करून ठेवावा.

नेटच्या बाजूचे दोष

वायरिंग निर्दोष ठरल्यावरच इकडे वळावे. येथे लक्षणांवरून कारण बरेचसे ओळखता येते. फोन जातात, पण थोडा वेळ गेला की येणारे फोन लागत नाहीत, हे सर्वांत सामान्य लक्षण आहे. ॲडाप्टर सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवतो, मात्र बराच वेळ काहीच हालचाल झाली नाही तर मधला राउटर ती वाट विसरतो आणि बाहेरून आलेला फोन आत पोहोचत नाही. ॲडाप्टरमध्ये ‘कीप अलाइव्ह’ २० ते ३० सेकंदांवर ठेवल्यास वाट उघडी राहते. गावातल्या केबलवाल्याकडून इंटरनेट घेतले असेल तर पुष्कळदा अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच इंटरनेट पत्ता (आयपी) दिलेला असतो. अशा ठिकाणी राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची क्रमांकित दारे) उघडत बसण्याने काही साधत नाही, ‘कीप अलाइव्ह’चा उपायच करावा.

एकाच बाजूचा आवाज ऐकू येणे, किंवा बोलणे सुरू झाल्यावर बरोबर ३२ सेकंदांच्या आसपास फोन तुटणे, यांमागे बहुधा राउटरमधली ‘सिप एएलजी’ ही इंटरनेट फोनचे निरोप हाताळणारी सुविधा असते. ती मदतीसाठी दिलेली असली तरी निरोपांतील पत्ते चुकीचे बदलते. ती बंद करून राउटर आणि ॲडाप्टर दोन्ही पुन्हा सुरू करावेत. मोडेम आणि त्यामागे आणखी एक राउटर अशी दुहेरी मांडणी असेल तर दोन्हीकडे पाहावे.

आवाज तुटक येत असेल तर डाउनलोडचा वेग मोजून समाधान मानू नये. आवाज नेटवरून पाठवण्याच्या जी.७११ या पद्धतीने एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) लागतात, म्हणजे फारच थोडे. अडचण वेगाची नसून रांगेत थांबण्याची असते. होमस्टेमध्ये सुट्टीच्या संध्याकाळी सगळे पाहुणे समुद्रावरचे व्हिडिओ एकदम पाठवू लागले की अपलोडची वाट तुंबते आणि आवाजाचे तुकडे मागे राहतात. राउटरमध्ये ॲडाप्टरला प्राधान्य द्यावे आणि ॲडाप्टर वायफायऐवजी केबलनेच जोडावा. नेटचा वेग फारच अपुरा असेल तर जी.७२९ पद्धत सुमारे ३१ केबीपीएसमध्ये काम भागवते, पण तीवर फॅक्स चालत नाही, फॅक्ससाठी ‘टी.३८’ ही खास पद्धत किंवा जी.७११ आणि कमी वेग ठेवावा.

बँकेच्या किंवा गॅस नोंदणीच्या यंत्रावर ‘एक दाबा’ म्हटल्यावर आकडा पोहोचत नसेल किंवा दोनदा पोहोचत असेल, तर बटणांचे सूर पाठवण्याची पद्धत आवाजातून न ठेवता ‘आरएफसी २८३३’ अशी ठेवावी, आणि एकाच वेळी दोन पद्धती चालू नाहीत ना ते पाहावे. नंबर लावल्यावर काही सेकंद शांतता राहते, तीही बिघाड नसते; आकडे संपले की नाहीत याची ॲडाप्टर वाट पाहत असतो आणि शेवटी ‘#’ दाबले की लगेच फोन जातो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते, आणि रत्नागिरीतल्या रत्नागिरीत फोन करतानाही ०२३५२ सह पूर्ण नंबर लावावा लागू शकतो. घरातल्यांना हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवून द्यावे.

पासवर्ड आणि परवाना

रात्री दोन-तीन वाजता फोन वाजतो, उचलल्यावर कोणी बोलत नाही आणि पडद्यावर १०० किंवा १००१ असा विचित्र नंबर दिसतो, याने घाबरून जाण्याचे कारण नाही. जगभरातील उघडी ॲडाप्टर शोधत फिरणारे प्रोग्रॅम ५०६० या पोर्टवर ठोठावत असतात. ॲडाप्टरने केवळ आपल्या सर्व्हरकडूनच फोन घ्यावेत असे सेटिंग चालू करावे आणि पोर्ट बदलावा. ॲडाप्टरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि परदेशी फोनची गरज नसेल तर आयएसडी बंद ठेवावे, कारण चोरलेल्या खात्यावरून केलेल्या महागड्या फोनचे बिल आपल्याच नावावर येऊ शकते.

भारतात इंटरनेटवरून साध्या नंबरला फोन लावण्याची सेवा परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी. परदेशातील नातेवाइकाच्या खात्यावरचे फोन ‘लाइन’च्या सॉकेटमधून इथल्या लँडलाइनवर वळवून देणे बेकायदेशीर ठरू शकते, मग हेतू कितीही घरगुती असो.

इतके करूनही दोष राहिला तर सेवा केंद्राला ‘फोन चालत नाही’ एवढेच सांगू नये. ॲडाप्टरवरचे कोणते दिवे पेटले आहेत, थेट लावलेला फोन चालतो का, जाणारे की येणारे फोन अडतात, किती सेकंदांनी तुटतात आणि कोणत्या वेळी, हे पाच तपशील लिहून ठेवावेत. दूरवरून बोलणाऱ्या तंत्रज्ञाला एवढ्यावरून बहुधा दोष सापडतो, आणि माणूस येण्यासाठी आठवडाभर वाट पाहावी लागत नाही.