हिवाळ्याआधी किनाऱ्यावरच्या इमारतीची तपासणी

रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर थंडीत नळ गोठत नाहीत, त्यामुळे सोसायटीच्या समितीला हिवाळ्याची पूर्वतयारी अनावश्यक वाटते. प्रत्यक्षात डागडुजीचा खरा हंगाम हाच असतो. खाऱ्या हवेतील क्षार ओलाव्याबरोबर काँक्रीटमधील सळईपर्यंत पोहोचतात, सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने वरचे काँक्रीट आतून फुटते. म्हणून सज्जांच्या खालच्या बाजूस आणि पार्किंगमधील खांबांवर छोट्या हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. टणक आवाज आल्यास चिंता नाही. पोकळ, बद्द आवाज आल्यास सैल झालेला भाग काढून सळईचा गंज पूर्ण खरवडल्याखेरीज वर सिमेंट थापू नये. (समुद्राकडील भिंतीला दरवर्षी नुसता रंग फासणाऱ्या समित्या पैसे वाया घालवतात, असे माझे स्पष्ट मत आहे.)

गच्चीच्या पन्हाळींची तोंडे बंद करून दोन दिवस पाणी साठवावे आणि खालच्या छतावर ओल उमटते का, ते पाहावे. पाऊस नसल्याने गळतीचा उगम नेमका सापडतो. पाण्याच्या टाक्या याच वेळी धुऊन घ्याव्यात. इमारत 15 ते 30 वर्षांची असल्यास दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुनी असल्यास दर 3 वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, असे गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी (कारभाराचे नमुना नियम) सांगतात. बाहेरील रंगकाम मात्र पहाटेचे दव भिंतीवरून पूर्ण सुकल्यावरच सुरू करावे.