फॉस्फो-ग्लूए-१ चा बँड येत नाही? या चुका टाळा

हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाच्या) स्लाइसमध्ये एलटीपी, म्हणजे सिनॅप्सची (चेतापेशींच्या जोडणीची) दीर्घकाळ टिकणारी बळकटी, छान मिळालं, आलेख तासभर वर राहिला, आणि वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) फॉस्फो-ग्लूए-१ चा, म्हणजे फॉस्फेट लागलेल्या ग्लूए-१ प्रथिनाचा, बँड मात्र पुसट. मग सगळे आधी अँटिबॉडीवर संशय घेतात. माझ्या अनुभवात फॉस्फेट त्याच्या खूप आधी गेलेलं असतं, स्लाइस चेंबरमधून बाहेर काढल्यापासून बफरमध्ये पडेपर्यंतच्या वेळात.

ग्लूए-१ हे एएमपीए रिसेप्टरचं, म्हणजे ग्लूटामेटला प्रतिसाद देणाऱ्या सिनॅप्सवरच्या चॅनेलचं, एक उपएकक. पेशीच्या आत असलेल्या त्याच्या शेपटीवर सेरीन ८३१ ला (८३१ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला) कॅमके-२ आणि पीकेसी ही कायनेज, म्हणजे फॉस्फेट लावणारी एन्झाइम, फॉस्फेट लावतात, सेरीन ८४५ ला पीकेए हे कायनेज. ८३१ वर फॉस्फेट बसलं की चॅनेलची वाहकता वाढते. ८४५ वर बसलं की चॅनेल उघडं असण्याची शक्यता वाढते. हे फॉस्फेट उतरवणारी एन्झाइम, म्हणजे कॅल्सिन्यूरिन आणि पीपी-१ ही फॉस्फेटेज, त्याच सिनॅप्समध्ये असतात. ऊती फोडली की सगळं एकमेकांत मिसळतं, आणि कायनेजला लागणारं एटीपी लवकर संपलं तरी फॉस्फेटेजना त्याची गरजच नसते.

म्हणून सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बफरमध्ये फक्त ऑर्थोव्हॅनाडेट घालून निश्चिंत होणं. ते टायरोसीनवरचे फॉस्फेटेज अडवतं. आपल्याला हवी आहेत सेरीनची ठिकाणं. सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घालाच. कॅल्सिन्यूरिन कॅल्शियमवर चालतं, त्यामुळे कॅल्शियम पकडून ठेवणारं ईजीटीए किंवा ईडीटीएसुद्धा हवं. आणि स्लाइस काढल्यावर आधी वहीत नोंद, मग गोठवणं, असं करू नका. ड्राय आइस किंवा द्रव नायट्रोजन आधीच शेजारी ठेवा, स्लाइस उचलताच ट्यूब त्यात सोडा, नोंद नंतर करा. प्रत्येक नमुन्याला लागलेला वेळ सारखा असला पाहिजे, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही.

स्लाइस कापल्या-कापल्या प्रयोग सुरू करणंही चूक आहे. कापण्याच्या धक्क्यानेच फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट लागण्याचं प्रमाण) बदलतं, म्हणून ऑक्सिजन सोडलेल्या द्रावणात त्यांना किमान तासभर विसावा द्या.

ब्लॉकिंगला (ब्लॉटवरच्या मोकळ्या जागा प्रथिनाने झाकायला) दूध पावडर वापरत असाल तर थांबा. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटयुक्त प्रथिन आहे. फॉस्फो-अँटिबॉडीसाठी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा.

क्रमांकांचा घोळ तर हमखास होतो. ८३१ आणि ८४५ हे क्रमांक परिपक्व प्रथिनाचे आहेत. डेटाबेसमधल्या पूर्ण साखळीत सुरुवातीचे १८ अमिनो आम्लांचे सिग्नल पेप्टाइडही धरलेले असते, त्यामुळे तिथे हीच ठिकाणं ८४९ आणि ८६३ म्हणून दिसतात. अँटिबॉडी मागवताना हे ताडून पाहा.

दोष नेमका कुठे आहे हे शोधायचं तर ब्लॉटवर दोन लेन (नमुन्यांचे रकाने) राखून ठेवा. एकीत फोर्स्कोलिन दिलेली स्लाइस: त्याने सीएएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू वाढतो, पीकेए जागं होतं, ८४५ चा बँड ठळक यायला हवा. दुसरीत लॅम्डा फॉस्फेटेज या फॉस्फेट उतरवणाऱ्या एन्झाइमने हाताळलेला नमुना: तिथे बँड नाहीसा व्हायला हवा. पहिलीत बँड नसेल तर आधी बफर आणि ब्लॉट तपासा. पहिलीत बँड आला आणि दुसरीतही राहिला, तर तो फॉस्फोचा बँडच नव्हे. पुढे सगळ्या लेन एकूण ग्लूए-१ च्या तुलनेत मोजा. फक्त ॲक्टिनशी (सगळ्या पेशींत असलेल्या प्रथिनाशी) तुलना केली तर रिसेप्टर वाढला की फॉस्फेट वाढलं, ते कळत नाही.

बँड आला तरी अर्थ लावताना घाई नको. ८३१ चा बँड वाढला म्हणजे एलटीपी त्यामुळेच झालं, हे वाक्य थीसिसमध्ये फार सहज लिहिलं जातं. फॉस्फेट लागू नये म्हणून ८३१ आणि ८४५ ही दोन्ही ठिकाणं बदललेल्या उंदरांवरचं काम २००३ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यांच्यात एलटीपी कमी झालं आणि एलटीडी (सिनॅप्सचं दीर्घकाळ टिकणारं दुबळेपण) नाहीसं झालं. पण २०१० मध्ये प्रत्येक ठिकाण वेगवेगळं बदलून पाहिलं तेव्हा एकट्या ८३१ च्या उंदरांत दोन्ही शाबूत होती; ८४५ च्या उंदरांत फक्त एलटीडी गेलं. तसंच केएन-९३ या कॅमके-२ अडवणाऱ्या औषधाने परिणाम थांबला म्हणून कॅमके-२ वर शिक्का मारू नका. ते पोटॅशियम आणि कॅल्शियमची काही चॅनेलही अडवतं, म्हणून सोबत केएन-९२ ची (कॅमके-२ न अडवणाऱ्या त्याच्या जुळ्या रेणूची) लेन ठेवा.