मिरामारच्या समुद्रातले १.९ किलोमीटर: गोव्याची ७०.३ स्पर्धा क्लबच्या सोबतीने कशी पूर्ण करावी

गोव्यातील आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे सलग करण्याची स्पर्धा (७०.३ हे एकूण अंतर मैलांत), पहिल्यांदा २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, हे सगळे साडेआठ तासांत संपवायचे असते. या लेखाचा वाचक सायकल चालवतो, अर्धमॅरेथॉन धावलेला आहे आणि तरणतलावात न थांबता दोन किलोमीटर पोहू शकतो, असे मी गृहीत धरतो. हे जमत नसेल, तर आधी ते जमवावे आणि मगच प्रवेशशुल्क भरावे.

क्लबमध्ये तयारीचा बहुतेक वेळ सायकलवर जातो, कारण पहाटे घोळक्याने घाट चढण्यात मजा असते आणि गप्पाही होतात. पोहण्याचा विषय निघाला की ‘तलावात जमते म्हणजे समुद्रातही जमेल, खाऱ्या पाण्यात उलट जास्त तरंगता येते’ असा सल्ला हमखास मिळतो. तरंगता येते हे खरेच आहे. पण समुद्रात माणूस अडकतो तो तरंगता न आल्यामुळे नव्हे, तर श्वास आणि दिशा हरवल्यामुळे. मला या स्पर्धेत सर्वांत उशिरा जमलेली गोष्ट हीच, म्हणून पुढचा बराचसा लेख तिच्यावरच खर्च होणार आहे.

प्रथम वेळेचा हिशेब करावा. पोहण्यासाठी १ तास १० मिनिटे मिळतात, म्हणजे दर १०० मीटरला सुमारे ३ मिनिटे ४१ सेकंद. तलावात १०० मीटरला ३ मिनिटे लागणारा माणूस हे अंतर ५७ मिनिटांत संपेल असे मानतो आणि निश्चिंत होतो. मात्र तलावात दर २५ मीटरला भिंतीला पाय मारून फुकटचा वेग मिळतो आणि तळावरची काळी रेघ सरळ नेते. मिरामारच्या गढूळ पाण्यात स्वतःचा पुढे गेलेला हातही धड दिसत नाही. वाकडे पोहणारा माणूस १.९ किलोमीटरच्या जागी सव्वादोन किलोमीटर सहज पोहतो, आणि मग तीच १३ मिनिटांची शिल्लक पुरत नाही.

समुद्रातला सराव केव्हा करावा, हा प्रश्न बहुतेक क्लब फार उशिरा विचारतात. स्पर्धा ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये होते आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर कोणी पाण्यात उतरू नये, हे कोकणातल्या मुलालाही ठाऊक असते. पावसाळा सरल्यावर हाती काही आठवडेच उरतात आणि त्या काळातही समुद्र पुरता निवळलेला नसतो. म्हणून खरा सराव त्याआधीच्या मार्च ते मे महिन्यांत उरकून घ्यावा. क्लबची खरी गरज येथेच आहे. एकट्याने समुद्रात उतरू नये, यावर माझ्याकडे कोणतीही सवलत नाही. जवळपास सारख्या वेगाच्या दोघांची जोडी करावी, प्रत्येकाच्या कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधावा, किनाऱ्यावर एकाने केवळ नजर ठेवण्यासाठी थांबावे आणि जीवरक्षक कामावर असतील त्याच वेळी, त्यांना सांगून पाण्यात जावे.

मिरामार मांडवीच्या मुखाशी आहे, हे नकाशात पाहून सगळे विसरतात. भरतीला पाणी नदीच्या मुखाकडे ओढते आणि ओहोटीला बाहेर समुद्राकडे. कोकणात तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे: चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. गोव्यात भरती याहून थोडी आधी येते, त्यामुळे अचूक वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच पाहावी; पण स्पर्धेच्या तारखेची तिथी कळली की अंदाज लगेच बांधता येतो. पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि सकाळी सात-आठच्या सुमारास भरती चढत असते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, म्हणजे त्या वेळी ओहोटी लागलेली असली तरी ओढ तुलनेने कमी असते. हा हिशेब आदल्या दिवशी सर्वांनी मिळून करावा, आणि बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) ज्या बाजूला आहे तिच्या किती अलीकडे-पलीकडे रोख ठेवायचा, हे किनाऱ्यावर उभे राहूनच ठरवावे.

दिशा राखण्यासाठी दर आठ-दहा हात मारल्यानंतर डोळे पाण्याबाहेर काढावेत, पण फक्त डोळेच, पाण्यात पडून राहिलेल्या मगरीप्रमाणे. संपूर्ण डोके उचलले की कंबर खाली जाते आणि पुढचे चार हात वाया जातात. आधी पाहून घ्यावे आणि श्वास नंतर बाजूला वळून घ्यावा. दोन्ही एकदम करू पाहणाऱ्याच्या तोंडात पाणी जाते. लाटेच्या खळग्यात असताना पाहण्यात अर्थ नसतो, कारण समोर पाण्याची भिंतच दिसते. लाट अंगाखालून वर उचलते त्या क्षणी पाहावे. एकदा बोया दिसला नाही तर थांबू नये, आणखी चार हात मारून पुन्हा पाहावे.

परतीचा टप्पा याहून फसवा आहे. जाताना तोंड पश्चिमेकडे असते आणि सूर्य पाठीशी. किनाऱ्याकडे वळताच नुकताच वर आलेला सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि बोया काळ्या ठिपक्यांसारखे दिसू लागतात. स्वच्छ काचेचा गॉगल तलावासाठी ठेवावा आणि येथे गडद काचेचा वापरावा. शिवाय आदल्या दिवशी त्याच वेळी किनाऱ्यावर जाऊन झाडांच्या रांगेतील किंवा तिच्यामागील एखादी उंच, ठळक खूण निवडून ठेवावी, कारण चकाकणाऱ्या पाण्यात उंच वस्तूच ओळखू येते. पुढचा पोहणारा बरोबरच चालला असेल, या विश्वासावर राहू नये. पोहताना दुसऱ्याच्या पायांमागे राहणे नियमाला धरून आहे आणि त्याने श्रमही वाचतात, पण तो भरकटला तर त्याच्यामागून आपणही भरकटतो.

आता श्वासाविषयी. सुरुवातीच्या पहिल्या दोनशे मीटरमध्ये छाती आवळल्यासारखी वाटते, श्वास तोकडा होतो आणि ‘आज जमणार नाही’ असे मनात येते. चांगल्या पोहणाऱ्यांनाही हे होते. आजूबाजूला शंभर हातपाय, तोंडात खारे पाणी आणि धडधडणारे हृदय, यांचा तो एकत्रित परिणाम असतो. अशा वेळी जोर लावून पुढे जाण्याचा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नये. बाजूला सरावे, उताणे व्हावे किंवा ब्रेस्टस्ट्रोक करावा, आणि श्वास घेण्याकडे नव्हे तर सोडण्याकडे लक्ष द्यावे; पाण्यात तोंड घालून बुडबुडे सावकाश आणि पूर्ण सोडले की पुढचा श्वास आपोआप खोल येतो. बोया किंवा मदतीची कयाक (छोटी वल्हवायची होडी) धरून थांबता येते, त्याच्या आधाराने पुढे सरकायचे मात्र नसते. तरीही आराम पडला नाही किंवा छातीत दुखू लागले, तर हात वर करावा. तेथे संकोच करणाऱ्याला मी क्लबच्या सरावालाही येऊ देत नाही.

सुरुवात एकदम न होता ओळीने सोडतात आणि आपल्या अपेक्षित वेळेनुसार उभे राहायचे असते. येथे क्लबवाले हटकून चूक करतात: एकसारखे टी-शर्ट घालून छायाचित्रे काढली, की तसेच सगळे एका घोळक्यात उभे राहतात. ३५ मिनिटांत पोहणाऱ्या मित्राशेजारी उभा राहिलेला ६० मिनिटांचा माणूस पहिल्याच मिनिटात मागच्यांच्या हातांखाली येतो. मित्रांना किनाऱ्यावर शुभेच्छा द्याव्यात आणि आपापल्या वेळेच्या जागी निघून जावे.

पाणी कोमट असल्याने वेटसूटचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र मानेला आणि काखांना व्हॅसलीन भरपूर लावावे. जेलीफिश चावला तर चोळू नये आणि गोडे पाणी लावू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावे. परतताना उथळ पाणी लागले म्हणून उठून चालू लागू नये. बोटे दोनदा वाळूला टेकेपर्यंत पोहत राहावे.

सायकलविषयी एकच इशारा पुरेसा आहे. रविवारी एकमेकांच्या चाकामागे लपून चालवण्याची सवय येथे महागात पडते. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर राखावे लागते, ओलांडायचे असल्यास २५ सेकंदांत ओलांडावे लागते, आणि नियम मोडल्यास ५ मिनिटांचा दंड होतो. मतलई वारे ओसरून खारे वारे सुरू झाले की मित्राच्या आडोशाचा मोह अधिकच होतो, तेव्हा क्लबमधल्या सोबत्यांनी एकमेकांपासून मुद्दाम लांब राहिलेले बरे.

धावण्याच्या टप्प्यात दमट हवेमुळे घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही, म्हणून पहिले पाच किलोमीटर आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा स्पष्टपणे संथ धावावेत, प्रत्येक पाणीकेंद्रावर डोक्यावर पाणी ओतावे आणि मीठ विसरू नये.

स्पर्धा संपल्यावर सायकली त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्यावे. हे काम क्लबमध्ये ज्याची स्पर्धा सर्वांत आधी संपते त्याच्याकडे द्यावे, कारण उशिरा पोहोचणारे सोबती अंतिम रेषेनंतर बराच वेळ कोणत्याही कामाचे नसतात.