ॲब्लेशनला हो म्हणण्याआधी

आईच्या ॲब्लेशनची (हृदयात तार नेऊन, चुकीचे ठोके जिथून निघतात तिथे डाग देण्याची) तारीख मिळाली तेव्हा घरात सगळ्यांनी आधी पिशवी भरायला घेतली. गाऊन, शाल, थर्मास, जपमाळ. पिशवी अर्ध्या तासात भरते. हो म्हणायचं की नाही, हे ठरवायला आम्हाला पाच आठवडे लागले आणि त्यातलं निम्मं आम्ही उलट्या क्रमाने केलं. तुमच्या घरी अशी तारीख आली असेल तर क्रम असा ठेवा.

आधी आजाराचं नेमकं नाव लिहून घ्या, आणि ठोके बिघडलेले असताना काढलेला ईसीजी फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. ‘रिदमचा प्रॉब्लेम’ एवढ्यावर थांबू नका. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीचं ॲब्लेशन झालं आणि ती दुसऱ्या दिवशी घरी आली, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण तिला एसव्हीटी होता, म्हणजे हृदय अचानक लयीतच पण फार वेगाने धडधडतं. त्याच्या नेहमीच्या प्रकारात शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचं काम फत्ते होतं. मोठी भीती असते ती हृदयातली विजेची मुख्य वाट दुखावून पेसमेकर लागण्याची, तीही शंभरात एक किंवा त्याहून कमी. आईला एट्रियल फिब्रिलेशन. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन न पावता नुसते थरथरतात. ही थरथर पेटवणारे चुकार ठोके बहुतेक वेळा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांमधून निघतात, हे बोर्दोच्या मिशेल हाइसागेर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं. म्हणून त्या शिरांच्या तोंडाभोवती डाग देऊन कुंपण घालतात. त्यासाठी जांघेतून तार वर नेऊन, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र पाडून डावीकडे शिरावं लागतं. नाव तेच, पण काम आणि धोके निराळे.

मग एका ओळीत लिहा, हे कशासाठी करायचंय. आम्ही सगळे ‘आई वाचावी म्हणून’ म्हणत होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कबाना’ चाचणीत २,२०४ रुग्ण होते. मृत्यू, अपंग करणारा पक्षाघात, गंभीर रक्तस्राव आणि हृदय बंद पडणं यांची बेरीज ॲब्लेशनच्या गटात ८ टक्के आली, औषधांच्या गटात ९.२, हा फरक ठाम म्हणावा इतका नव्हता. थरथर परतण्याचं प्रमाण मात्र घटलं आणि रुग्णांचं रोजचं जगणं सुधारलं. हृदय आधीच कमजोर असेल तर हिशोब बदलतो. २०१८ च्या ‘कासल-एएफ’ चाचणीत अशा रुग्णांचे मृत्यूही कमी झाले. म्हणून टूडी इकोवरचा (हृदयाच्या सोनोग्राफीवरचा) पंपिंगचा आकडा माहीत हवा. आईचं पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल. तेव्हा तिच्यासाठी हा सौदा आयुष्य वाढवण्याचा नव्हता, त्रास कमी करण्याचा होता. तिला विचारलं तर ती म्हणाली, “रात्री उठून बसावं लागतं, ते थांबलं तरी पुरे.” हे तिने सांगेपर्यंत आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

तिच्या त्या वाक्यामुळे आम्ही दोन आठवडे वही ठेवली: धडधड केव्हा सुरू झाली, किती वेळ टिकली, तेव्हा ती काय करत होती. बहुतेक नोंदी पहाटेच्या निघाल्या. आई घोरते, हे घरात विनोदाला होतं. झोपेची तपासणी केली तर श्वास अडकत होता. हा स्लीप ॲप्निया तसाच ठेवून ॲब्लेशन केलं तर थरथर परतण्याची शक्यता वाढते. वजन, बीपी, थायरॉइड, दारू यांचंही तसंच. आम्ही तारीख महिनाभर पुढे ढकलली. नातेवाइकांना वाटलं आम्ही घाबरलो. तेही खरंच होतं.

आता तराजू. धोका विचारताना ‘फार काही नसतं हो’ हे उत्तर घेऊ नका, शंभरात किती आणि हजारात किती ते विचारा. जांघेत रक्त साकळणं सगळ्यात सामान्य. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचून हृदय दाबलं जाणं शंभरात एकाच्या आसपास. ते सुई घालून काढतात, क्वचित छाती उघडावी लागते, म्हणून त्या इमारतीत त्या वेळी हृदयाचा सर्जन असतो का, हे विचारा. पक्षाघात शंभरात एकाहून कमी. श्वासपटलाची नस दुखावू शकते, विशेषतः गोठवणारा फुगा वापरतात तेव्हा. मृत्यू साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी. हे सगळे आकडे अनुभवी हातांचे. म्हणून पुढचा प्रश्न थोडा उद्धट वाटला तरी विचारायचा: “डॉक्टर, वर्षाला तुम्ही स्वतः अशा किती करता, आणि गेल्या वर्षी काय काय बिघडलं?” आमच्या डॉक्टरांना राग आला नाही. त्यांनी दोन प्रसंग सांगितले, आणि आईचा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथे.

दुसऱ्या पारड्यात शून्य नसतं, हे विसरायला होतं. काही न करता औषधांवर राहायचं तर ठोके लयीत ठेवणाऱ्या ॲमिओडॅरोनसारख्या गोळीने थायरॉइड, यकृत आणि फुप्फुसांवर परिणाम होऊ शकतो. तपासण्या मागे लागतात. उलट ॲब्लेशन एकदाच करून भागेल असंही नाही, बऱ्याच जणांना दुसऱ्यांदा करावं लागतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर (थरथरत्या कप्प्यात गुठळी होऊन पक्षाघात होऊ नये म्हणून ती असते) घरात सगळ्यात मोठा गैरसमज होता: ॲब्लेशन झालं की ती सुटेल. ती नंतर किमान दोन-तीन महिने चालूच राहते, आणि पुढे राहायची की नाही, हे ठोक्यांवर नाही, पक्षाघाताच्या गुणांवर (वय आणि आजारांवरून धोक्याची मोजणी) ठरतं. आई ६८ वर्षांची, बीपी, डायबेटिस: जुन्या मोजणीत स्त्री म्हणून एक गुण धरून चार, युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे तो गुण वगळून तीन. दोन डॉक्टरांनी दोन आकडे सांगितले तर गोंधळू नका, दोन्हींत गोळी कायमच. ती मनाने एक दिवसही चुकवू नका. प्रोसीजरच्या सकाळी घ्यायची का, हे लेखी घ्या. संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेली असेल तर नव्या गोळ्या चालत नाहीत, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) तपासत जुनीच, वॉरफॅरिनसारखी, घ्यावी लागते. गुडघ्यासाठीची पेनकिलर आणि आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा यादीत सांगा. आईने दोन लपवली होती.

डायबेटिसला डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर उपाशी राहण्याआधी ती सहसा तीन दिवस बंद करतात. विचारल्याशिवाय कुणी सांगेलच असं नाही. घशातून करायच्या इकोसाठी कवळी काढावी लागते, हलणारा दात आधी दाखवा. विम्याच्या मंजुरीपत्रात मॅपिंग (हृदयातल्या विजेचा नकाशा काढणं) आणि कॅथेटरचा खर्च धरलाय का, तेवढं बघा.

संमतीपत्र आदल्या दिवशी मागा. आमचं इंग्रजीत होतं. तिथल्या तरुण डॉक्टरला मराठीत मोठ्याने वाचायला सांगितलं, ‘मृत्यू’ आल्यावर त्याने आवाज खाली आणला, तर आई म्हणाली, “तेही नीट वाच रे बाळा.”

शेवटचा कागद घरचा आहे, आणि तोच बहुतेक कुणी करत नाही. डाग देतात त्या जागेच्या अगदी मागे अन्ननलिका असते. हजारात एकाहूनही कमी जणांना तिथे छिद्र पडून ते हृदयापर्यंत जातं, पण ते दिसतं घरी आल्यावर, एक ते आठ आठवड्यांत: ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, अचानक जीभ जड होणं. जवळचा डॉक्टर तापाची गोळी देईल किंवा दुर्बिणीने पोट बघू म्हणेल. त्या दुर्बिणीतून भरलेली हवा जीवघेणी ठरू शकते. तेव्हा छातीचा सीटी स्कॅन आणि ॲब्लेशन केलेल्या टीमला फोन. हे मोठ्या अक्षरात लिहून, खाली ॲब्लेशनची तारीख घालून, आम्ही फ्रिजवर लावलं. एक प्रत कऱ्हाडच्या आमच्या फॅमिली डॉक्टरांना दिली आणि एक शेजारच्या काकूंकडे, कारण दुपारी आई घरी एकटीच असते.