पाच वर्षांची लेक, सी लायन आणि २ मीटरचा नियम: गालापागोस आपलं आपण

गालापागोस, म्हणजे प्रशांत महासागरातली इक्वाडोरची बेटं, म्हटलं की लोक क्रूझच धरून चालतात. आम्हीही तशीच चौकशी केली, तर बऱ्याच बोटींवर सहा-सात वर्षांखालची मुलं घेतच नाहीत. लेक पाचची. मग गावात खोली घेऊन राहायचं ठरवलं, आणि आता वाटतं की क्रूझने नाही म्हटलं तेच बरं झालं. लहान पोराला रोज नवं बेट नको असतं, कालचाच किनारा पुन्हा हवा असतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे बेटं कमी करणं. वस्तीची बेटं चार: सांता क्रूझ, सान क्रिस्तोबाल, इसाबेला आणि फ्लोरियाना. आठ-नऊ दिवस असतील तर दोनच घ्या. आम्ही सान क्रिस्तोबालला उतरलो आणि सांता क्रूझजवळच्या बाल्त्रा विमानतळावरून परत निघालो. जाण्यायेण्याची विमानं अशी वेगवेगळ्या बेटांची काढली की मधे लाँचचा, म्हणजे बेटांमधल्या मोटरबोटीचा, प्रवास एकदाच करावा लागतो. इसाबेला सोडलं म्हणजे तिथले पेंग्विन सोडले. जीवावर आलं, पण सोडले.

लाँचबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण या सहलीतला खरा त्रास तोच आहे. तिथे तिला लांचा म्हणतात. पंचवीस-तीस माणसं, मागे मोठी इंजिनं, दोन तास आणि सतत आपटणं. भाडं माणशी तीस-पस्तीस डॉलर. साधारण सकाळी एक आणि दुपारी एक अशा सुटतात. सकाळची घ्या, समुद्र बहुधा शांत असतो. ‘सकाळी सावकाश उठू’ म्हणत आम्ही दुपारची घेतली आणि लेकीने पहिल्या अर्ध्या तासातच उलटी करून माझी मांडी भिजवली. मागच्या बाजूला, उघड्या हवेत बसा. पुढे जास्त आपटतं. पोटात थोडं कोरडं खाणं असू द्या. बोट लागण्याचं औषध मुलाच्या डॉक्टरांना आधीच विचारून, वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्या. तिकिटाचे पैसे देण्याआधी लहान मुलाचं लाइफ जॅकेट दाखवा म्हणा, आणि ते पोराला घालूनच बघा. खांद्यातून वर निघून येत असेल तर दुसरी बोट शोधा. बेटांमध्ये छोटी विमानंही उडतात. महाग आहेत, पण अर्ध्या तासाचं काम.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुख्य भूमीवरून ग्वायाकिल किंवा कितोहून विमान मिळतं. कितो २,८५० मीटरवर आहे, तिथे मूल एक-दोन दिवस मलूल होऊ शकतं. ग्वायाकिल समुद्रसपाटीला आहे, पण शहराच्या बातम्या चांगल्या नसतात. आम्ही विमानतळाजवळ एक रात्र झोपलो आणि निघालो. तिथल्याच विमानतळावर आधी माणशी २० डॉलरचं ट्रान्झिट कार्ड (पर्यटकाच्या नोंदीचं), मग सामानाची तपासणी. ताजी फळं, बिया, माती चालत नाही, म्हणून बुटांचे तळवे घरूनच घासून न्या. बेटावर उतरल्यावर राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क भरायचं: ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांना २०० डॉलर, १२ वर्षांखालील मुलांना १००. रोख न्या. इक्वाडोरचं चलन अमेरिकन डॉलरच आहे, पण पन्नास-शंभरच्या नोटा दुकानदार सहसा घेत नाहीत. आणि भारतात परतायचं असेल तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या. पिवळ्या तापाच्या देशांच्या भारताच्या यादीत इक्वाडोर आहे. दाखला नसेल तर परतल्यावर विलगीकरणात बसवू शकतात, पोरासकट.

आता प्राण्यांकडे. नियम असा की कुठल्याही प्राण्यापासून २ मीटर लांब राहायचं. पाच वर्षांच्या मुलीला मीटर काय कळणार? नवऱ्याची उंची पावणेसहा फूट, म्हणजे दोन मीटरला मोठ्या माणसाची वीतभर कमी. पहिल्याच संध्याकाळी तो वाळूत आडवा झाला, लेकीने त्याच्या डोक्यापुढे आपल्या दोन चिमुकल्या विती टेकवल्या आणि माप ठरलं: ‘एक बाबा आणि दोन विती’. पुढचे नऊ दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्या पर्यटकांनाही हे माप मराठीतून समजावत होती.

पंचाईत अशी की हा नियम सी लायनला (सीलसारख्या समुद्रसिंहाला) कोणी सांगितलेला नाही. सान क्रिस्तोबालच्या पुएर्तो बाकेरिसो मोरेनो गावात ते किनाऱ्यावरच्या बाकांवर झोपतात, आणि आपण बसलेल्या ठिकाणीही सरळ येतात. आपण उठायचं आणि मागे सरकायचं, एवढंच. मोठा नर भुंकत आला तर पोराला उचलून लांब व्हा, तो चावू शकतो. पिल्लू एकटं दिसलं तरी हात लावायचा नाही. आई मासे पकडायला गेलेली असते आणि वासावरून पिल्लू ओळखते. हे कारण सांगितल्यावर लेकीला ‘हात लावू नको’ असं पुन्हा म्हणावं लागलं नाही.

माझं मत विचाराल तर रोज सकाळी एकच जागा गाठा आणि बसून राहा. सान क्रिस्तोबालला गावातून चालत जाता येणारा प्लाया मान हा किनारा आम्ही चारदा केला. विमानतळापलीकडच्या लोबेरिया किनाऱ्याला टॅक्सीने जा; तिथे काळ्या दगडांवर समुद्री इग्वाना (मोठे सरडे) असतात. दगडासारखेच काळे, त्यामुळे पाय बघून टाका. ते नाकातून जादा मीठ फवाऱ्यासारखं उडवतात, शिंकल्यासारखं. लेक तासभर हलली नाही, शिंका मोजत बसली. तेवीस झाल्या. सांता क्रूझला पुएर्तो आयोराच्या मासळी कट्ट्यावर पेलिकन आणि सी लायन गिऱ्हाइकांसारखे खोळंबून असतात, तोही खेळ फुकट. महाकाय कासवं डोंगराकडच्या कुरणांत मोकळी चरतात. अर्ध्या दिवसाची टॅक्सी ठरवा.

सांता क्रूझचाच तोर्तुगा बे किनारा मात्र हिशेबाने करा. गावाबाहेरच्या चौकीपासून अडीच किलोमीटर फरसबंदी वाट, सावली जेमतेम. आधी जो सुंदर पांढरा किनारा लागतो तिथे ओढ जबर असल्याने पोहायला बंदी आहे. शांत पाणी आणखी किलोमीटरभर पुढे. लेक जाताना चालली, येताना चालणार नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शांत पाण्याच्या किनाऱ्यावरून गावात परत आणणारी छोटी बोट मिळते, ती घ्या. शेवटची कधी हे पोहोचल्यावर लगेच विचारून ठेवा.

ऋतूचं म्हणाल तर डिसेंबर ते मे पाणी उबदार आणि लाटा कमी; आम्ही मार्चमध्ये गेलो. जून ते नोव्हेंबर पाणी इतकं गार होतं की मुलाला वेटसूट लागतो. लहान मापाचा वेटसूट आणि पाण्यातला चष्मा घरूनच न्या. ऊन विषुववृत्ताचं आहे, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट क्रीमपेक्षा भरवशाचा. नळाचं पाणी पिऊ नका, दातही बाटलीच्या पाण्याने घासा. इस्पितळं साधी आहेत, गंभीर आजाऱ्याला विमानाने मुख्य भूमीवर न्यावं लागतं. तो खर्च विम्यात आहे ना, हे वाचून बघा.

निघायच्या आदल्या रात्री पोराचे सगळे खिसे उलटे करा. शंख, प्रवाळ, लाव्हाचे दगड, वाळूसुद्धा बेटाबाहेर न्यायला बंदी आहे. आमच्याकडे फ्रॉकच्या खिशातून तीन शंख आणि एक काळा खडा निघाला. सकाळी उजाडताच नवरा तिला घेऊन किनाऱ्यावर गेला. शंख तिने गुपचूप ठेवले. खडा कुठून उचलला होता ते आठवेना, तर ती जागा शोधण्यात अर्धा तास गेला आणि बस चुकता चुकता राहिली.