स्टेपनीवर अँटेना लावताय? या चुका टाळा

थारला कॅनव्हासचं छत असेल, तर हॅम रेडिओचा (परवानाधारक हौशी लोक एकमेकांशी बोलतात त्या बिनतारी संचाचा) चुंबकी बुडाचा अँटेना चिकटवायचा कुठे हा प्रश्न येतोच. बॉनेटच्या कडेला जागा अपुरी, मागचा बंपर फार खाली. मग नजर जाते मागच्या दरवाज्यावरच्या स्टेपनीकडे. जागा वाईट नाही. कॅरिअरचं लोखंड भक्कम असतं आणि बॉडीला भोक पाडावं लागत नाही. तरी ‘रेडिओ नवा, अँटेना नवा, पण रिपीटर (आपला आवाज पकडून पुढे दूरवर पाठवणारं केंद्र) काही पकडत नाही’ ही तक्रार अशाच गाड्यांवाल्यांकडून जास्त ऐकू येते. मग अँटेना बदलला जातो, रेडिओ दुरुस्तीला जातो, आणि दुखणं राहतं बिजागरीत.

बिजागरीच्या भरवशावर अर्थिंग

पाव तरंगलांबीच्या, म्हणजे रेडिओ लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढ्या, दांडीला खाली लोखंडाचा पसारा लागतो. दांडी म्हणजे अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा तो पसारा. धातूच्या छताच्या मधोमध तो आयता मिळतो. स्टेपनीचं कॅरिअर मात्र दरवाज्याला बोल्टने धरलेलं, दरवाजा बॉडीला बिजागरीने, आणि प्रत्येक जोडावर रंग, पावडर कोटिंग नाहीतर ग्रीस. मल्टिमीटरची एक पिन ब्रॅकेटला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, आणि कोणाला तरी दरवाजा हळूहळू उघडायला सांगा. आकडा नाचायला लागला की रोग सापडला.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. ब्रॅकेट बसतो तिथला रंग पॉलिश पेपरने लोखंड दिसेपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा, आणि उघडं पडलेलं लोखंड गंजू नये म्हणून वरून ग्रीस किंवा रंग लावायचा. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे शेवटचं काम टाळलंत, तर एका पावसाळ्यात सगळं मूळपदावर येतं. मग कॅरिअर ते दरवाजा आणि दरवाजा ते बॉडी अशा तांब्याच्या विणलेल्या चपट्या पट्ट्या जोडायच्या. साधी गोल वायर चालत नाही, कारण रेडिओचा करंट धातूच्या पृष्ठभागावरूनच वाहतो आणि चपट्या रुंद पट्टीला तो पृष्ठभाग जास्त असतो.

इथे एक मेख आहे. ७ किंवा १४ मेगाहर्ट्झवर या पट्ट्यांचा फरक लगेच जाणवतो. हॅमच्या दोन मीटर बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर, पाव तरंगलांबी होते जेमतेम ५० सेंटिमीटर. दरवाजा पूर्ण उघडावा म्हणून पट्टी तेवढीच लांब ठेवलीत, तर अर्थिंग म्हणून ती जवळपास कुचकामी ठरते. म्हणून व्हीएचएफसाठी, म्हणजे दोन मीटरसारख्या उंच वारंवारतेसाठी, माझं मत सरळ आहे: स्टेपनीवर पाव तरंगलांबीचा अँटेना लावूच नका. अर्ध्या तरंगलांबीचा, साधारण एक मीटरचा घ्या. त्याला खालच्या लोखंडाची फारशी गरज नसते. शिवाय दांडीचा बराचसा भाग टायर आणि रिमच्या आडोशातून वर, छताच्या पातळीपलीकडे जातो.

ऑनलाइन दिसणारे जाडजूड, देखणे ‘ऑफरोड’ अँटेना घेताना वारंवारता आधी वाचा. त्यातले बरेच ऑस्ट्रेलियातल्या ४७७ मेगाहर्ट्झच्या सीबी, म्हणजे सर्वसामान्यांच्या बिनतारी बोलण्याच्या, बँडसाठी बनवलेले असतात. दोन मीटरवर ते शोभेचेच. आणि हॅम बँडवर बोलायचं तर डब्ल्यूपीसीचा (केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेचा) परवाना लागतो, मग अँटेना कुठेही लावा.

स्टेपनीच्या नटाखाली ब्रॅकेट

ही चूक रेडिओची नाही, जिवावरची आहे. चाकाचे नट बहुधा निमुळते असतात आणि रिमच्या तशाच खोबणीत बसून चाक मध्यावर धरतात. नट आणि रिम यांच्यामध्ये सपाट पत्रा घातला की ती बैठकच जाते. पाना फिरवताना नट घट्ट वाटतो, दगडांच्या वाटेवर सैल होतो, आणि वीस-तीस किलोचं चाक रस्त्यावर येतं. ब्रॅकेट चाकाच्या मागे, कॅरिअरच्या अंगाला बसवा. त्यानंतरही नटाला पुरेसे आटे मिळतात का ते बघा. कॅरिअरला वेल्डिंगच्या जोडाजवळ ड्रिल मारू नका, भेग तिथूनच जाते. शक्य असेल तर अँटेना बिजागरीच्या बाजूला घ्या. तिथे हेलकावे कमी आणि केबलही कमी लागते. नंबर प्लेट, ब्रेकचा दिवा आणि रिव्हर्स कॅमेरा झाकला जात नाही ना, हेही तेव्हाच बघून घ्या.

केबल दरवाज्यात चिरडणे

केबल रबर बीडिंगवरून आत घेतली की दरवाजा दर वेळी तिला चावतो. बाहेरून काही दिसत नाही, आतली जाळी आणि मधली तार जवळ येत जातात. केबल बिजागरीजवळून, ऐसपैस वळण ठेवून आत न्या. आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. अँटेनाच्या बुडाचा कनेक्टर जलरोधक समजू नका. स्वतःशीच चिकटणारी रबर टेप गुंडाळा. एकदा जाळीत पाणी शिरलं की केबल बदलण्यावाचून इलाज नाही.

संशय असेल तर एकाने बिजागरीपाशी केबल हलवायची, दुसऱ्याने एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचा अंदाज देणाऱ्या मीटरवर) नजर ठेवायची. मल्टिमीटर मधली तार आणि जाळी शॉर्ट दाखवत असेल तर लगेच घाबरू नका. काही अँटेनांच्या बुडाशी कॉइल असते, तिथे तसंच दिसतं. अँटेना काढून फक्त केबल तपासा.

चुकीच्या जागी मोजलेला एसडब्ल्यूआर

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पत्र्याच्या शेडखाली, मागचा दरवाजा उघडा ठेवून घेतलेला आकडा निरर्थक असतो. मोकळ्या मैदानात, दरवाजा लावून मोजा. १४४ वर कमी आणि १४६ वर जास्त येत असेल तर दांडी लांब आहे, थोडी कापा. उलट असेल तर आखूड आहे. आणि १.१ च्या हट्टापायी दिवस घालवू नका. १.५ ला जेमतेम ४ टक्के शक्ती परत येते, २ ला साधारण ११ टक्के. चिंता करायची ती ३ ला, तिथे पाव भाग परततो. मात्र पाण्याने खराब झालेली केबलही छान आकडा दाखवते, कारण शक्ती तिच्यातच जिरते.

आकडा चांगला, केबल कोरडी, तरीही रिपीटर ऐकू येत नाही? गाडी जरा वळवून बघा. कोपऱ्यातला अँटेना सगळ्या दिशांना सारखा जोर देत नाही.

प्रसारण करताना दरवाज्यामागे कोणी उभं नको. छतावरच्या अँटेनापेक्षा हा माणसाच्या फार जवळ असतो, आणि ५० वॅटवर अंतर राखावंच लागतं.

बोलण्यासाठी रेडिओचं बटण दाबलं की रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र हलतं किंवा पार्किंग सेन्सर ओरडतो, असं होत असेल तर अँटेनाची केबल त्यांच्या वायरिंगच्या गुच्छात बांधलेली असते. ती वेगळ्या वाटेने न्या, अँटेनाच्या बुडाजवळ केबलवर फेराइटचे (नको त्या रेडिओ लहरी अडवणारे) दोन-तीन मणी चढवा, आणि रेडिओची वीज सिगारेट लायटरमधून न घेता फ्यूज घालून थेट बॅटरीवरून घ्या.